चारशे बारामधला फोन

सुरुवातीलाच सांगतो, हे खरं आहे.

मी एकतीस वर्षं शाळेत मराठी व्याकरण शिकवलं. दुसऱ्यांच्या चुकांखाली लाल रेघा ओढण्यात इतकं आयुष्य गेलं, की स्वतः काही रचून सांगायला सवडच मिळाली नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी सोडून द्यावं. मी वाद घालणार नाही. मलाही ते अजून नीट पटलेलं नाही.

पण घडलं ते माझ्यासोबत. आणि पूर्ण शुद्धीत घडलं.

अशा गोष्टी रात्री घडतात म्हणतात ना... ही दुपारी घडली. गेल्या वर्षी, एका गुरुवारी, पावणेतीन वाजता. परक्या शहरातल्या एका हॉटेलच्या चौथ्या मजल्यावर. दिवा लावायची गरज नव्हती, एवढा उजेड होता.

बाहेर पाऊस होता.

माझी बायको विमानात नोकरीला होती. प्रवाशांना पट्टे बांधायला सांगायचं, जेवणाच्या गाड्या ढकलायच्या, घाबरलेल्यांना धीर द्यायचा. बावीस वर्षं तिने हेच केलं. मी जमिनीवरचा माणूस. दिवसा खडू आणि फळा. संध्याकाळी कुठे कीर्तन असेल तर पुढच्या रांगेत जागा धरायची आणि आख्यान रंगलं की सगळ्यांच्या आधी डोळे पुसायचे.

लोक विचारायचे, "मास्तर, बायको काय करते?"

मी म्हणायचो, "वर असते."

लोक हसायचे. ती गेल्यापासून हा विनोद मला करता येत नाही.

महिन्यातून दोनदा तिची लांबची फेरी असायची. नऊ तासांचं उड्डाण, त्या शहरात दोन दिवस मुक्काम, मग परत. तिला ते शहर फार आवडायचं. नदी, दगडी पूल, आणि बारा महिने पाऊस. हॉटेलात पोचली की घरी फोन यायचा. त्या फोनचे शब्द ठरलेले.

"अहो मास्तर, पोचले हं. पाऊस आहे. खिडकीतून पूल दिसतोय, दिवे लागलेत. आम्ही आता जेवतो आणि झोपतो. तुम्ही जेवलात?"

बस्स. अर्धं मिनिट. पण तेवढ्यावर माझे दोन दिवस जायचे.

फोनशेजारच्या भिंतीवर तिने एक चिठ्ठी चिकटवली होती. हॉटेलचा नंबर, आणि खाली खोली चारशे बारा. कंपनीने त्या मजल्यावरच्या खोल्या कायमच्या घेऊन ठेवलेल्या होत्या. ती सिनियर, म्हणून ती दर वेळी तीच खोली मागून घ्यायची. "अगदीच अडलं तर इथे करा," म्हणायची. मी दोन-चार वेळा केला. नुसता वाजत राहायचा. दुसऱ्या दिवशी म्हणायची, "झोपले होते हो. तिथे मी मेल्यासारखी झोपते."

तिच्या तोंडून ऐकून ऐकून ते शहर माझंही आवडतं झालं. गेलो मात्र एकदाच, तिच्याबरोबर, सवलतीच्या तिकिटावर, तीन दिवस. तेव्हा आम्ही दुसरीकडे उतरलो होतो.

"आमच्या हॉटेलात घरच्या माणसांना ठेवत नाहीत," ती म्हणाली होती.

मी मान डोलावली होती. माझं अर्धं आयुष्य मान डोलावण्यात गेलंय. घरी तिच्यापुढे, बाहेर बुवांपुढे.

ती गेली त्याला तेव्हा चौदा महिने झाले होते. तीन महिन्यांचं आजारपण, आणि मग एका सकाळी सगळं संपलं.

बुवा एकदा निरूपणात म्हणाले होते, जीव जिथे गुंतलेला असतो तिथे तो एकदा तरी फिरकून जातोच. बाकीचे लोक ते वाक्य मांडवातच ठेवून उठले असतील. मी ते घरी घेऊन आलो.

आणि वाट बघत बसलो.

मला काही मोठं नको होतं. तिच्या बॅगेचा आवाज, एवढाच. तिच्या चाकांच्या बॅगेचं एक चाक मोडकं होतं. ती नवी घ्यायची नाही. जिन्यापासून दारापर्यंत ती ओढत आणताना दोनदा टक-टक, मग एक लांब घर्रर्र... असा आवाज यायचा. तो आला की मी चहाचं आधण ठेवायचो. बेल वाजायच्या आत.

चौदा महिने मी तो आवाज ऐकायला जागलो.

टक नाही की घर्र नाही. घरात साधं भांडंही पडलं नाही.

मनात यायचं, चुकली असेल. मग यायचं, बावीस वर्षं जग फिरून बरोबर घरी येणारी बाई आत्ताच कशी चुकेल?

मला तेवढंच कळायला हवं होतं. ती माझ्याकडे परत येणार आहे की नाही.

लेक परदेशात असते. तिने बोलावून घेतलं. फोनवर म्हणाली, "बाबा, तिकीट त्या शहरातून काढलंय. मध्ये अकरा तास आहेत. मुद्दाम ठेवलेत. विमान कंपनी दिवसापुरती खोली देते. आईचंच हॉटेल आहे."

मला रडू आलं. आईची लेक म्हणजे आईची लेक, असं वाटलं.

विमानात माझी जागा मागच्या बाजूला होती, क्रूच्या पडद्याजवळ. कानात कीर्तनाचं रेकॉर्डिंग लावून बसलो होतो. चार तास झाले असतील, एक चाळिशीची क्रूमधली बाई पाणी द्यायला आली आणि माझ्या बोर्डिंग पासवरचं आडनाव बघून थांबली.

"तुम्ही... ताईंचे मिस्टर का?"

मी हो म्हणालो. ती खाली बसलीच, मधल्या वाटेत, उकिडवी.

"भावोजी, ताईंनी मला गाडी धरायला शिकवलं. पहिल्या उड्डाणात मी चार जणांच्या अंगावर ज्यूस सांडला होता. ताई म्हणाल्या, पाचव्याच्या अंगावर सांडू नकोस, तो तक्रार करणारा दिसतोय."

आम्ही दोघंही हसलो. तिने डोळे पुसले. मग विचारलं, "लेकीकडे ना? मधले अकरा तास काय करणार?"

"तुमच्या हॉटेलात खोली आहे. चारशे बारा मागणार आहे. तिची खोली."

तिचं हसू थांबलं. एकदम नाही... हळूहळू, दिव्याची वात खाली करावी तसं.

"भावोजी," ती म्हणाली, "हॉटेलात काय बसायचं? शहर फिरा तुम्ही. छत्री मिळते विमानतळावर. नदीवर जा. तिथे बसून नका राहू."

"का हो?"

"कंटाळाल, म्हणून म्हटलं."

पुढच्या पाच तासांत ती माझ्या बाजूला आली नाही. पाणी दुसऱ्याच मुलाने दिलं.

सकाळी उतरलो तेव्हा पाऊस होता. विमानतळावरून छत्री घेतली. विमानातल्या त्या बाईंचं ऐकायचं म्हणून नदीवर गेलो. ओले दगडी रस्ते, दुकानांच्या काचांवर ओघळ, ट्रामच्या रुळांत साचलेलं पाणी. पुलावर उभा राहिलो. बायकोने मला इथेच उभं केलं होतं, त्या तीन दिवसांत. मी तिला विचारलं होतं, तुझी खिडकी कुठली? तिने नदीपलीकडे बोट दाखवलं होतं. "ती... कोपऱ्यातली."

छत्री उलटी झाली. पाय भिजले. एक वाजता मी हॉटेलात आलो.

काउंटरवरच्या बाईंच्या चष्म्याला साखळी होती. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत चारशे बारा मागितली.

त्या म्हणाल्या, "देते. पण त्या खोलीतून काही दिसत नाही. शेजारची चारशे चौदा कोपऱ्यावर आहे, तिथून पूल दिसतो. ती दिली असती, पण तिथला नळ फुटलाय. तीन आठवडे बंद आहे."

"माझी बायको चारशे बारातच उतरायची. तिला पूल दिसायचा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग किल्ली दिली.

खोली अरुंद होती. एक पलंग, एक खुर्ची, भिंतीला लावलेलं छोटं टेबल. पलंगाशेजारी पिवळट पांढरा फोन, पीळ पडलेल्या वायरीचा. मी आधी खिडकीशी गेलो आणि पडदा सारला.

समोर भिंत होती.

शेजारच्या इमारतीची विटांची भिंत, हाताच्या अंतरावर. तिच्यावरून पाण्याचा पाइप खाली गेला होता. मी गाल काचेला लावून डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. पूल नव्हता. नदीही नव्हती.

वाटलं, भिंत नंतर बांधली असेल. पण विटा काळ्या पडल्या होत्या. त्यांच्यावर शेवाळ होतं, बोटभर जाड. ती भिंत माझ्याहून जुनी होती.

मी पडदा लावून टाकला.

कपडे बदलले. पलंगाच्या कडेला मांडी घातली. म्हटलं, जाऊ दे, आपण तिच्या खोलीत आहोत, एवढं पुरे. डोळे मिटले आणि नाम घेऊ लागलो. पावसाचा आवाज एका लयीत होता. साथ केल्यासारखा.

कीर्तनात बुवा मधेच थांबतात. टाळ थांबतात, पेटी थांबते. सगळा मांडव श्वास धरून बसतो, आता बुवा काय बोलणार म्हणून.

तसं झालं.

पाऊस पडत होता, पण त्याचा आवाज थांबला...

आणि बाहेर, लिफ्टच्या बाजूने...

टक-टक.

घर्रर्र...

मी डोळे उघडले. हललो नाही. ती बॅग माझ्या घरी माळ्यावर होती. मी स्वतः जुन्या चादरीत बांधून ठेवली होती.

टक-टक. घर्रर्र...

जवळ येत होता आवाज. काय सांगू, मला भीती वाटली नाही. चौदा महिन्यांची तहान होती ती. मी उठलो.  कडीवर हात ठेवला. मनात म्हणत होतो, ये. उशीर झाला तरी चालेल, ये.

टक-टक. घर्रर्र. टक-टक...

दारापाशी आला आवाज.

आणि थांबला नाही.

माझ्या दारावरून पुढे गेला. शेजारच्या दाराशी थांबला. दोनदा टकटक झाली, बोटाच्या पेरांनी. दार उघडलं. दार बंद झालं.

मी कडी काढली. बाहेर कोणी नव्हतं. लांबच लांब करडा गालिचा, दोन्ही बाजूंना बंद दारं. पण गालिच्यावर ओल्या रेघा होत्या. दोन समांतर रेघा, लिफ्टपासून निघालेल्या. माझ्या उंबऱ्यासमोरून सरळ पुढे गेलेल्या. चारशे चौदाच्या दारात जाऊन संपलेल्या.

पावलांचा ठसा एकही नव्हता.

मी आत आलो. दार लावलं. आणि मग भिंतीतून आवाज यायला लागला. भिंत पातळ होती. खुर्ची सरकवल्याचा आवाज. ताटलीत चमचा ठेवल्याचा.

मग हसणं.

तिचं हसणं. मला ते ओळखता येणार नाही असं कसं होईल? लग्नानंतरच्या पहिल्या दोन वर्षांतलं हसू होतं ते. मला वाटलं होतं, वयाबरोबर ते गेलं. गेलं नव्हतं. ते इथे होतं.

मी भिंतीला कान लावला.

त्याच क्षणी माझ्या मागे फोन वाजला.

खणखणीत घंटा. जुन्या फोनची.  भिंतीपलीकडचं बोलणं थांबलं.

फोन वाजत राहिला.

पलीकडून एका पुरुषाचा आवाज आला. शांत, झोपाळू. स्वच्छ मराठी.

"तुझ्या खोलीतला वाजतोय. जाऊन उचल की गं एकदा."

आणि ती म्हणाली...

"वाजू दे रे. मास्तर असतील."

"बिचारे."

"उद्या सांगेन, झोपले होते म्हणून. तू चल. आपण जेवून घेऊ."

दरवर्षी पाचवीच्या वर्गाला मी एक धडा फळ्यावर न लिहिता शिकवायचो. म्हणायचो, पोरांनो, कोणी म्हणालं 'आपण खाऊ खाऊ', तर खुशाल हात पुढे करा, त्यात तुम्ही आहात. पण कोणी म्हणालं 'आम्ही खाऊ खातो', तर नुसतं बघत बसा. त्या 'आम्ही'त ऐकणारा नसतो. पोरं खदखदून हसायची.

बावीस वर्षं ती मला फोनवर सांगत होती. आम्ही जेवतो. आम्ही झोपतो. मला वाटायचं, आम्ही म्हणजे विमानातले दहा-बारा जण.

ज्याला ती 'आपण' म्हणत होती, तो भिंतीपलीकडे होता. मला 'अहो'. त्याला 'रे'.

ही खोली तिची नव्हतीच. ही चिठ्ठीवरची खोली होती. इथे माझे फोन यायचे, आणि वाजून वाजून थांबायचे. इथे कोणी झोपलंच नव्हतं कधी.

फोन वाजतच होता. तो आवाज मला सहन होईना. मी गेलो आणि रिसीव्हर उचलून कानाला लावला.

आधी नुसती खरखर. खूप लांबून येणारी.

मग...

"हॅलो? पोचलीस ना गं?"

 तो आवाज मी ओळखला, पण कुणाचा आहे हे कळायला वेळ लागला. आपला आवाज आपण बाहेरून कधी ऐकत नाही.

तो माझा आवाज होता.

आताच्याहून तरुण. घाईचा. काळजीतला.

"हॅलो... बरं, बोलू नकोस, दमली असशील. नुसतं ऐक. लेकीला संध्याकाळी ताप भरला होता. एकशे तीन. मी घाबरलो जरा. डॉक्टर येऊन गेले. आता उतरलाय. तू आणलेली बाहुली उशाशी घेऊन झोपलीय. काळजी करू नकोस. मी आहे इथे."

मला तो फोन आठवला.

एकोणीस वर्षं झाली त्याला. लेक दहा वर्षांची होती. मी पट्ट्या ओल्या करून करून थकलो होतो, आणि शेवटी भिंतीवरची चिठ्ठी बघून नंबर फिरवला होता. खूप वेळ वाजला. मी ठेवणार, एवढ्यात कोणीतरी उचलला. बोललं कोणी नाही. नुसता श्वास येत होता. आणि एकदा नाक ओढल्याचा आवाज. मला वाटलं, लेकीच्या काळजीने रडतेय. मी लेकीला सकाळी सांगितलं, आईने सगळं ऐकलं हो.

त्या खोलीतला फोन एवढा एकदाच उचलला गेला होता. त्या एका फोनवर मी संसार निभावला, असं म्हटलं तरी चालेल. भांडण झालं, अबोला झाला, ती महिना-महिना तुटक वागली, की मी तो श्वास आठवायचो. म्हणायचो, तिने उचलला होता. ती ऐकत होती.

ती ऐकत नव्हती.

ती शेजारी जेवत होती.

ऐकणारा मी होतो. पावसात भिजलेला, पासष्टीचा म्हातारा, हातात रिसीव्हर धरून. माझ्याच नाकातून पाणी येत होतं. मी ते ओढलं... आणि ओढल्यावर लक्षात आलं, तो आवाज कुठे गेला असेल.

मला त्याला ओरडून सांगायचं होतं. अरे मूर्खा, ठेव फोन. पण त्याच्या आवाजात इतका विश्वास होता की माझी जीभच उचलेना. मी डोळे घट्ट मिटून घेतले आणि उभा राहिलो.

पलीकडे तोही गप्प होता. बराच वेळ.

मग म्हणाला, "हो. झोपतो."

आणि फोन ठेवला.

पावसाचा आवाज परत आला. भिंतीपलीकडे काही नव्हतं. मी बाहेर गेलो. गालिचा कोरडा होता. चारशे चौदाचं दार ठोठावलं. आतून आवाज पोकळ आला. दारावर चिकटपट्टी लावली होती, काम चालू आहे म्हणून कागद होता. चिकटपट्टी जशीच्या तशी होती.

खाली काउंटरवर विचारलं, माझ्या खोलीत फोन कुठून आला होता?

बाईंनी चष्मा नाकावर घेऊन पाहिलं. "चारशे बारा... हो, एक आलाय. दोन पंचेचाळीस. बाहेरून. चार मिनिटं."

"कुठून?"

"नंबर उमटलेला नाही." त्यांनी पुन्हा पाहिलं. "नुसतीच रिकामी ओळ आहे."

विमानाला अजून सहा तास होते. मी ते विमानतळावरच्या बाकावर काढले.

लेक घ्यायला आली होती. गाडीत विचारलं, "आईची खोली मिळाली?"

"मिळाली."

"पूल दिसला?"

"पाऊस होता," मी म्हणालो.

तिला मी काही सांगितलं नाही. आजही नाही. ती असली भुताखेतांच्या गोष्टींची पानं वाचत नाही, म्हणून इथे लिहितोय. आईच्या त्या खिडकीची तिला फार आठवण येते. न बघितलेल्या खिडकीची. ती मी तिच्याकडून का काढून घेऊ?

एवढंच असतं तरी मी हळूहळू सावरलो असतो. माणूस सावरतो. संसारात फसलेला मी पहिलाच नाही. देवापुढे बसलो, चार दिवस रुसलो, पाचव्या दिवशी पुन्हा बसलो. राग होता तोही ओसरू लागला. ज्याला ती 'आपण' म्हणत होती तो कोण, हेसुद्धा विचारावंसं वाटेना. विमानातल्या त्या बाईंना विचारलं असतं तर कळलं असतं. नकोच वाटलं.

पण नवव्या दिवशी दुपारी एक गोष्ट झाली.

प्रवासाने माझी झोप उलटीपालटी झाली होती. मी खोलीत पुस्तक घेऊन बसलो होतो. लेकीने दार किंचित लोटलं, आत डोकावली आणि म्हणाली, "झोपा आता."

हुबेहूब आईचा सूर. 'आता'वर जरा रेंगाळणारा.

माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "हो. झोपतो."

ती दार ओढून गेली.

आणि माझ्या हातातलं पुस्तक खाली पडलं.

मी व्याकरणाचा मास्तर आहे. 'हो' हा शब्द आपला आपण येत नाही. 'हो' हे उत्तर आहे. आधी कोणीतरी काहीतरी म्हणावं लागतं.

एकोणीस वर्षांपूर्वीच्या त्या फोनचा शेवट मला नीट आठवला. मी बोलून थांबलो होतो. पलीकडे श्वास होता. आणि मग, अगदी जवळून, रिसीव्हरला ओठ लावल्यासारखं, ती म्हणाली होती...

"झोपा आता."

मी स्पष्ट ऐकलं होतं. म्हणून तर 'हो' म्हणालो होतो. म्हणून तर इतकी वर्षं शंका आली नाही.

पण त्या खोलीत मी एकटा उभा होतो. माझं तोंड बंद होतं. मला काही ऐकू आलं नाही.

रिसीव्हर माझ्या हातात होता, माझ्या गालाला टेकलेला. त्यात बोलायला तिला माझ्या किती जवळ यावं लागलं असेल, याचा मी हिशोब करतो. करतो आणि सोडून देतो. गाल गार पडतो त्या जागी.

म्हणजे ती आली होती. ज्याची मी चौदा महिने वाट पाहिली, ते झालं होतं.

आणि बोलली ती त्याच्याशी. त्या तरुण, भोळ्या मास्तराशी, ज्याला काही कळलेलं नव्हतं. त्याला तिने झोपवलं. ज्याला सगळं कळलं होतं तो तिथेच, वीतभर अंतरावर उभा होता.

त्याच्याकडे तिने पाहिलं का... की न बघता पुन्हा शेजारी निघून गेली...

मला माहीत नाही.

मी डोळे मिटून घेतले होते.